बू राशिदची दुर्बीण

मी एक दुर्बीण आहे. एकाच डोळ्याने पाहायची, तीन पायांच्या स्टँडवर उभी राहणारी. गळ्यात अडकवून हिंडायच्या दुर्बिणी वेगळ्या. माझ्यापुढे माणसाला खाली बसावं लागतं, एक डोळा मिटावा लागतो आणि दुसरा माझ्या स्वाधीन करावा लागतो. त्यामुळे माणसाचं तोंड मला फारसं ठाऊक नसतं, पण त्याचा डोळा मात्र चांगला ठाऊक असतो. मी आजवर तीन माणसांचे डोळे ओळखले. त्यांतले दोघे आता या जगात नाहीत. तिसरा आहे, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. त्याच्यासाठीच हे सगळं सांगते आहे.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड गावात झाला. तिथल्या कारखान्यात एका बाईने माझ्या काचा महिनाभर घासल्या. ती काम करताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायची. मग मला हिरव्या कापडात गुंडाळलं, खोक्यात घातलं, आणि मी डोळे उघडले ते थेट कतारमधल्या दोह्याच्या एका दुकानात. ते १९९८ साल होतं.

दुकानात बाप आणि मुलगा आले. मुलाने मला दारात उभं केलं आणि समोरच्या इमारतीच्या कठड्यावर रोखलं. "बाबा, कबुतराच्या डोळ्यातली लाल कडा दिसतेय!" तो हसत म्हणाला. तो राशिद. तेव्हा तीस वर्षांचा होता. त्याचा डोळा तपकिरी, चपळ, सारखा इकडून तिकडे पळणारा. बापाचं नाव जासिम, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. इकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. म्हणून ते बू राशिद, राशिदचे वडील.

त्यांचं घर अल वक्र्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बू राशिद तरुणपणी नामांकित शिकारी होते. पुढे हरणं उरली नाहीत आणि शिकारीवर बंदी आली, तशी त्यांनी बंदूक प्राण्यांवर रोखायची सोडून दिली. पण जुन्या शिकाऱ्यांनी मिळून एक स्पर्धा सुरू केली होती. दर फेब्रुवारीत पश्चिमेकडच्या दगडाळ माळावर ती भरायची.

ही स्पर्धा नेहमीच्या नेमबाजीसारखी नव्हती. दोघादोघांची जोडी. एक बंदुकीवर, दुसरा दुर्बिणीवर. माळावर आठ ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी लोखंडी पाट्या झुडपांत, खडकांत दडवलेल्या. कुणाचा आकार हरणाचा, कुणाचा सशाचा. त्या किती लांब आहेत हे सांगायचं नाही. दुर्बिणीवाल्याने चार मिनिटांत त्या शोधायच्या, अंतर अदमासायचं, वारा ओळखायचा आणि बंदूकवाल्याला सांगायचं. गोळी पाटीला लागली की बऱ्याच वेळाने 'टण्ण' असा आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी म्हातारी माणसं पहाटे उठून साठ-सत्तर मैल जायची.

१९९९ साली बापलेक तिसरे आले. मी राशिदच्या डोळ्याशी होते. पुढच्या वर्षी पहिलं यायचं असं दोघांनी ठरवलं. पण पुढच्या वर्षीची स्पर्धा यायच्या आत राशिद गेला. गाडी चालवत होता, समोरून चुकीच्या बाजूने एक ट्रक आला. मागे बायको लुलवा आणि दोन लहान मुलं.

मुलगा गेला तरी लोक म्हाताऱ्याला बू राशिदच म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार? दिवसातून वीस वेळा ते नाव त्यांच्या कानावर पडायचं.

मी कपाटात गेले. वर्षभर अंधारात राहिले.

२००१च्या हिवाळ्यात कपाट उघडलं. बू राशिदांनी मला काढलं आणि ड्रायव्हरच्या हातात दिलं. "कमाल, हे गाडीत ठेव. आज माळावर जायचंय."

कमाल रत्नागिरीचा, जयगडच्या खाडीकाठचा. आठ वर्षांपासून त्या घरात ड्रायव्हर होता. म्हाताऱ्याला तो 'बाबा' म्हणायचा. दोघांची आपसातली बोली अर्धी अरबी आणि अर्धी हिंदी. मी ती इथे मराठीत सांगते. मराठी मला आली ती कमालकडूनच. मला पुसताना तो माझ्याशी त्याच्या घरच्या बोलीत बोलायचा.

त्या दिवशी माळावर बू राशिद एकटेच आडवे झाले. मी बाजूला नुसती उभी, माझ्या डोळ्याशी कोणी नाही. त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही. कमाल गाडीला टेकून पाहत होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"बाबा, इथे वारा डावीकडून येतोय. पण तिथे, त्या घळीत, तो उलटा फिरतोय."

म्हाताऱ्याने मान वळवली. "तुला काय माहीत?"

"माझा बापूस मच्छीमार होता. शिडाची होडी होती आमची. वारा दिसत नाही बाबा. वारा ज्याला ढकलतो ते बघायचं."

"मग बस इथे. आणि सांग."

कमालने चप्पल काढून बाजूला ठेवली, मांडी घातली आणि मला डोळा दिला. उजवा. काळाभोर, शांत डोळा. राशिदचा डोळा पळायचा. हा एका जागी ठरायचा. त्याने माझी कडी थोडी फिरवली. पाटी धूसर झाली आणि मधल्या अंतरावरची उन्हाची लहर स्पष्ट दिसू लागली. ती लहर ज्या बाजूला वाहते त्या बाजूला वारा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"दोन वीत उजवीकडे धरा," तो म्हणाला.

बंदूक वाजली. आम्ही तिघंही थांबलो. मग लांबून 'टण्ण' आलं.

बू राशिद बराच वेळ उठले नाहीत. तोंड हातांत घालून पडून राहिले. कमालने दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतरची दोन वर्षं मला अजून आठवतात. हिवाळ्यातल्या शुक्रवारी दुपारची नमाज झाली की आम्ही तिघं माळावर. कमाल मला कधीही तापलेल्या गाडीत ठेवत नसे. "काचांचा डिंक सुटतो उन्हाने," तो सांगायचा आणि जाईल तिथे मला झोळीत घालून खांद्याला लावायचा. बाजारात, मशिदीच्या दारात, लॉन्ड्रीत. २००२ साली आम्ही पाचवे आलो, २००३ साली दुसरे. स्पर्धेतले लोक थट्टा करायचे, "बू राशिद, तुझ्या ड्रायव्हरला आमच्याकडे दे." म्हातारा म्हणायचा, "हा ड्रायव्हर नाही. माझा डोळा आहे."

आणि हाच डोळा जात होता.

कमालच्या आधी मला ते कळलं. मी जे दाखवते ते गोल असतं, थाळीसारखं. चांगला डोळा त्या थाळीच्या कडेपर्यंत फिरून येतो. कमालचा उजवा डोळा हळूहळू कडेपर्यंत येईनासा झाला. मधलं सगळं त्याला लख्ख दिसायचं. पाटीवरचा गंजाचा ठिपकासुद्धा तो सांगायचा. पण कडेला एखादा पक्षी उडाला तर पूर्वी त्याची नजर तिकडे जायची, ती आता जात नव्हती. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. घराच्या फाटकाला एकदा गाडीचा आरसा घासला, तेव्हा तो फाटकावरच चिडला.

२००४चा जानेवारी. स्पर्धेला महिना-सव्वा महिना उरला होता. आम्ही सरावाला गेलो होतो. पाटी पाचशे मीटरवर लावली होती. गोळी झाडण्याआधी बू राशिद नेहमी एकच शब्द विचारायचे, "खाली?" अरबीतही आणि हिंदीतही त्याचा अर्थ एकच. मैदान रिकामं आहे ना? कोणी मध्ये नाही ना?

"खाली?"

त्या वेळी माझ्या गोलाच्या अगदी डाव्या कडेला, पाटीच्या मागच्या उतारावरून, उंटाचं एक पिल्लू येत होतं. मान आणि पुढचे दोन पाय मला स्वच्छ दिसत होते. मातीच्याच रंगाचं, नुकतं चालायला शिकलेलं. मी ते दाखवलं. माझ्याकडे दाखवण्याखेरीज दुसरं काही नाही. प्रकाश माझ्या काचांतून गेला, कमालच्या डोळ्यात पोचला आणि तिथेच विरला.

"खाली," कमाल म्हणाला. आणि वारा बघायला त्याने माझी कडी फिरवली. लांबचं सगळं धूसर झालं.

म्हाताऱ्याने वेळ घेतला. श्वास सोडला. बंदूक वाजली. 'टण्ण' आलं नाही. त्याऐवजी एक मऊ, बसका आवाज आला, आणि त्यामागोमाग उतारापलीकडून मोठ्या उंटिणीचा हंबरडा.

कमालने घाईने कडी परत फिरवली. "काय झालं? कुठे काय?" तो पुटपुटत होता. उजव्या डोळ्याने पाटी पाहिली. पाटी तशीच होती. मग का कोण जाणे, त्याने डोळा बदलला. पहिल्यांदाच डावा डोळा माझ्याशी आला. आणि डाव्या डोळ्याला ते दिसलं. पाटीच्या डाव्या बाजूला, गोलाच्या कडेला, पिल्लू पडलं होतं. पाय अजून हलत होते.

त्याने पुन्हा उजवा डोळा लावला. पिल्लू नाही. डावा लावला. पिल्लू आहे. असं त्याने चार वेळा केलं. त्याचा घाम माझ्या नळीवर पडला.

बू राशिद बंदूक टाकून धावत सुटले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, खडकांतून धावत.

पिल्लू एका सुदानी राखण्याच्या कळपातलं होतं. बू राशिद त्या राखण्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आपल्या कळपातली एक दुभती उंटीण पिल्लासकट त्याला पोचवली. तो राखण्या म्हणाला, "शेख, होतं असं." पण म्हाताऱ्याच्या मनातून ते गेलं नाही.

परत येताना गाडीत ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"गोळी पाटीला लागायला हवी होती," ते म्हणाले. "हात थरथरला माझा. ही थरथर मला कळलीसुद्धा नाही. खलास, कमाल. माझा हात संपला."

मी मागच्या सीटवर आडवी पडले होते. मला कमालचं तोंड दिसत नव्हतं, पण मी वाट पाहिली. आता बोलेल. आता सांगेल की गोळी तर वाऱ्याने कोणाचीही चुकते, बाबा. 'खाली' मी म्हणालो होतो.

कमाल बोलला नाही.

त्यानंतर बू राशिद बदलले. त्यांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, रोज संध्याकाळी माणसं जमायची आणि म्हातारा स्वतःच्या हाताने प्रत्येकाला कॉफी ओतायचा. पाहुण्याला आपल्या हाताने कॉफी देणं हा त्या घराचा मान होता. आता ते सुरईला हात लावेनात. सुनेने कारण विचारलं तर म्हणाले, "सांडेल." जेवताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. हात थरथरत नव्हता हो! मी कोपऱ्यात स्टँडवर उभी असायचे, मला दिसायचं. पण रोज त्याच्याकडे पाहून पाहून त्यांना तो थरथरल्यासारखा वाटू लागला होता. हे कमालही पाहत होता. कॉफीची सुरई आता त्याच्याच हातात असायची.

एका सकाळी तो वक्र्यातल्या डोळ्यांच्या एका छोट्या दवाखान्यात गेला. मी झोळीत, खांद्याला. झोळीतून दिसत नाही, फक्त ऐकू येतं. डोळे तपासणाऱ्या बाई मराठी निघाल्या. शैलजाबाई, नाशिकच्या. कमालला तेवढंच बरं वाटलं. गावाकडच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी त्याला एका यंत्रापुढे बसवलं.

"समोरच्या ठिपक्याकडेच बघा. बाजूला कुठेही दिवा चमकला की हे बटण दाबायचं."

बराच वेळ गेला. बटणाचा आवाज आला नाही.

"दाबा ना, कमालभाई."

"तुम्ही दिवा लावलाच नाय अजून."

यंत्र मात्र टिकटिकत राहिलं.

नंतर शैलजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काचबिंदू आहे हा. डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. उजव्याची कडेची नजर गेलेली आहे. डाव्यातही सुरुवात झाली आहे. डॉक्टर आत्ताच तपासतील तुम्हाला. गेलेलं परत नाही येत. राहिलेलं सांभाळायचं."

"चष्मा द्या की चांगलासा."

"चष्म्याचं काम नाही हे. तुम्ही काम काय करता?"

"डायवर हाय. पोरांना शाळेत सोडतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आजपासून नाही सोडायचं, कमालभाई. मी तुमच्या घरी फोन करू का?"

"नको बाई. मी सांगतो. माझ्या तोंडाने सांगतो."

"कधी?"

"ही स्पर्धा होऊ दे. बाबांची शेवटची हाय. पंधरा दिवस."

"पंधरा दिवस ती मुलं गाडीत असतील."

डॉक्टरांनी तपासून दिलेली थेंबांची बाटली कमालने माझ्याशेजारी झोळीत टाकली.

त्या संध्याकाळी त्याने गावी हजराला फोन केला. हजरा त्याची बायको. मी त्याच्या खोलीत, खाटेवर होते.

"आवाज असा काय तुमचा?" तिने विचारलं.

"थंडी लागली."

"वाळवंटात थंडी?"

"लागते गो इथेपण."

एवढंच. तिलाही त्याने सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मला मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "सांगितलं तर हे घर गेलं, गाडी गेली. बाबा गेले. गावात जाऊन करू काय? बापसाची होडीपण नाय आता." मग डाव्या डोळ्याने माझ्यातून खिडकीबाहेर पाहत राहिला. डाव्याची सवय करत होता.

मुलांना तो रोज शाळेत नेत राहिला. अगदी सावकाश चालवायचा. मुलं मागून हसायची, की कमाल गाडीला उंटासारखा चालवतो.

मी हे त्याची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. तो माझा माणूस होता. पण त्या पंधरा दिवसांत त्याने जे केलं ते वाईटच होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. रात्री दोन-दोनदा उठून तो थेंब घालायचा, जणू काही तेवढ्याने पाप फिटणार होतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. हवा थंड, आकाश स्वच्छ. बू राशिदांना मित्रांनी आग्रहाने आणलं होतं. "एकदाच," ते म्हणाले होते, "मग बंदूक कुलुपात." पहिल्या ठिकाणी ते आडवे झाले तेव्हा आपल्या हातालाच दटावल्यासारखे काहीतरी पुटपुटले. कमाल डाव्या डोळ्याने माझ्याशी बसला. अवघडून, मान वाकडी करून. पण पाट्या सापडल्या. 'टण्ण' आलं. दुसऱ्या ठिकाणी आलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ठिकाणी आलं. हात दगडासारखा स्थिर होता. लोक मागे जमू लागले. पंच दुसऱ्या पंचाला म्हणाला की म्हातारा यंदा पहिला येतोय.

बू राशिदांच्या चेहऱ्यावर मी चार वर्षांत न पाहिलेलं हसू होतं.

सहाव्या ठिकाणी पाट्या दूरदूर पसरलेल्या होत्या. पंचाने घड्याळ दाबलं. कमालने हरीण शोधलं, ससा शोधला, दोन्ही पाडले. तिसरी पाटी लांबच्या एका घळीत होती, वाळक्या झुडपापाशी. सापडायला वेळ लागला, पण सापडली. साडेसहाशे मीटर असेल. कमालने अंतर सांगितलं, वारा सांगितला. बू राशिदांनी गाल बंदुकीला टेकवला.

"खाली?"

मला माझा पूर्ण गोल दिसत होता. घळ रिकामी होती. पाखरूसुद्धा नव्हतं. 'हो' म्हणाला असता तरी काही बिघडलं नसतं. पण कमालला ते कुठे ठाऊक होतं! त्याने उजवा डोळा लावला, डावा लावला. डाव्याची कडही आता भरवशाची नव्हती आणि त्यातून थंडीने पाणी गळत होतं. त्याने कडेला पाहायचा प्रयत्न केला. कडेला उजव्याला काहीच नव्हतं. अंधारही नव्हता, नुसतं काही नव्हतं.

"खाली, कमाल?"

"दोन मिनिटं उरली," पंच म्हणाला.

"खाली?" बू राशिदांनी तिसऱ्यांदा विचारलं. पिल्लू मेल्यापासून ते तीनदा विचारायचे.

कमालने माझ्यावरून डोळा काढला.

"मला माहीत नाही, बाबा."

"काय माहीत नाही?"

"खाली आहे की नाही ते. मला कडेचं दिसत नाही. डोळे गेलेत माझे." मग तो थांबला नाही. एका दमात बोलला. "ते पिल्लू होतं तिथे. मला दिसलं नाही. मी 'खाली' म्हणालो. तुमच्या हाताने काही केलं नव्हतं, बाबा. तुमचा हात चांगला आहे."

मागच्या लोकांत कुजबुज झाली. पंचाच्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

बू राशिदांनी बंदूक उघडली. आतलं काडतूस बाहेर काढलं आणि वाळूत उभं ठेवलं. मग सावकाश उठून बसले.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"त्याच दिवसापासून."

"आणि महिनाभर मी माझ्या हाताकडे बघत बसलो. तू कॉफी ओतत होतास आणि मी हाताकडे बघत होतो."

कमालने मान खाली घातली.

मग म्हाताऱ्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. राग आला असता तर बरं, पण तो राग नव्हता.

"मुलांना तू शाळेत नेत होतास," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"राशिदची मुलं." त्यांचा आवाज इतका खाली गेला की पंचालाही ऐकू गेला नसेल. "माझा मुलगा गाडीत गेला, कमाल. त्याला शेवटची आंघोळ घालताना पाणी तू आणून दिलंस."

घड्याळ वाजलं. पंच पुढच्या जोडीकडे गेला.

"चावी दे," बू राशिद म्हणाले.

त्या दिवशी गाडी त्यांनी चालवली. कमाल शेजारी बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर. मी त्याच्या मांडीवर.

बू राशिदांनी त्याला हाकललं नाही. मोठ्या इस्पितळात नेलं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं, थेंब आणवले, औषधाच्या वेळा सुनेला लिहून ठेवायला सांगितल्या. पण स्वतः त्याच्याशी बोलले नाहीत. लागेल तेवढंच, तेही लुलवाच्या तोंडून. मजलिशीत ते पुन्हा स्वतःच्या हाताने कॉफी ओतू लागले. कमाल दाराशी उभा राहून ते पाहायचा आणि मग आपल्या खोलीत जायचा.

डॉक्टरांनी सांगितलं की डावाही फार वर्षं टिकणार नाही. मे महिन्यात कमालचं परतीचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी तो मला पुसायला बसला. मऊ फडक्याने, बाहेरून आत, गोल गोल. मग मला झोळीत न घालता मजलिशीतल्या स्टँडवर लावलं आणि हात बराच वेळ माझ्यावर ठेवला. "बाबांना सांग," असं म्हणाला आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून तसाच उठला.

सकाळी टॅक्सी आली. कमालने बॅग दाराशी आणली. मुलं त्याला बिलगली. त्याने लुलवाला विचारलं, "बाबा?"

"बाहेर गेलेत," ती म्हणाली. तिला तसंच सांगायला सांगितलेलं होतं.

कमालने अर्धा तास वाट पाहिली. टॅक्सीवाला 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करू लागला. तेव्हा तो उठला, बंद मजलिशीच्या दाराला हात लावून सलाम केला आणि निघून गेला. तो गेला तो हेच मनात धरून, की बाबांनी माफ केलं नाही, निरोपालासुद्धा आले नाहीत.

पण मजलिशीत मी नव्हतेच. पहाटेची, फजरची नमाज झाल्याबरोबर बू राशिद मला उचलून गच्चीवर घेऊन गेले होते. जिना चढताना तीनदा थांबले. कठड्याशी मला लावलं आणि खाली बसले. खाली दारात कमाल वाट पाहत होता, त्याचा आवाज वर येत होता; बाकीचं मला पुढे लुलवाच्या बोलण्यातून कळलं. मी म्हटलं, आता उतरतील. उतरले नाहीत. टॅक्सी निघाली तेव्हा त्यांनी डोळा माझ्याशी लावला.

वक्र्याहून दोह्याकडे जाणारा रस्ता तेव्हा मोकळा होता. लांबपर्यंत मी ती टॅक्सी दाखवत राहिले. मागच्या काचेतून कमालची टोपी दिसत होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यातून पाणी येऊन माझी काच ओली झाली. त्यांनी ती बाहीने पुसली आणि पुन्हा डोळा लावला. उन्हाच्या लहरीत टॅक्सी विरघळेपर्यंत ते पाहत राहिले. मग नुसत्या रस्त्याकडे पाहत राहिले. ऊन तापलं तरी मला सावलीत हलवायचं त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर दर ईदला गावाहून फोन यायचा. कमाल लुलवाशी बोलायचा, मुलांशी बोलायचा. मग "बाबा आहेत?" म्हणून विचारायचा. बू राशिद समोर बसलेले असायचे. हाताने 'नाही' म्हणून खूण करायचे. फोन ठेवला की सुनेला विचारायचे, "डोळ्यांचं काय म्हणाला?" २००६च्या अखेरीस आलेल्या ईदला तिने सांगितलं की आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हातारा म्हणाला, "पुढच्या वेळी मी बोलेन."

पुढच्या ईदला बोलायला ते राहिले नाहीत. २००७च्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. कमालला फोनवर लुलवाने सांगितलं.

आता २००९ साल आहे. मी पुन्हा कपाटात आहे. समुद्राजवळचं घर, दमट हवा. माझ्या आतल्या काचेवर बुरशी धरली आहे. ती कडेने सुरू झाली आणि मध्याकडे सरकते आहे. मुलं मोठी झाली, त्यांना माझी गरज नाही. लुलवा कधीतरी कपाट उघडते, झोळीला हात लावते आणि बंद करते. मला त्याचं दुःख नाही. मी पुष्कळ पाहिलं.

पण एक गोष्ट माझ्याखेरीज कोणी पाहिली नाही. लुलवालाही ठाऊक नाही. ती तेव्हा खाली होती. माझ्याकडे तोंड नाही. म्हणून वाचणाऱ्या, तुला विनवते. जयगडकडे कधी जाणं झालं, तर खाडीकाठी कमालचं घर विचार. ओसरीवर बसलेला असेल. हजरा तुला पाणी देईल. त्याच्याजवळ बस आणि एवढंच सांग, की तू निघालास त्या सकाळी बाबा बाहेर गेले नव्हते. ते गच्चीवर होते.